एकटीनं प्यायचं गोड पाणी

ढाणकीच्या आसपासच्या चार-पाच गावांत सत्यभामाबाईचं नाव काढलं की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. तिच्या बोलण्याशी याचा काहीएक संबंध नाही. बोलायला बाई जाळच. पण उपड्या खापरावर हातभर पुरणपोळी टाकावी ती तिनंच, सांजोरीचं सारण परतावं ते तिनंच, आणि गुळाच्या पाकाचा थेंब बोटावर चाखून "उतरव व, झाला," म्हणावं तेही तिनंच. लग्न असो, बारसं असो, कुणाचं डोहाळजेवण असो, आदल्या दिवशी तिला बोलावणं जातं. ती येते, सगळ्यांना कामाला जुंपते, निम्म्या बायांना रडकुंडीला आणते, आणि पंगत उठते तेव्हा त्याच बाया बोटं चाटत तिचं कौतुक करत असतात.

अशा बाईच्या घरात पायल सून म्हणून आली. पायल लोहाऱ्याची. बाप एमआयडीसीत कामाला, आई शिलाई मशीनवर, गोडधोड सणापुरतं. इथं आली तर पहिल्याच सकाळी सासूनं हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, "खाय. या घरात जीभ कोरडी ठेवाची नाही." नवरा रजत ढाणकीला बी-बियाण्याच्या दुकानात कामाला होता. सासरे पुंडलिकराव कापूस-तुरीचं शेत पाहायचे आणि बायकोसमोर मान हलवण्यापुरतं बोलायचे. घरातला कायदा सत्यभामाबाईचा होता. पायलला आधी तिची धास्ती वाटली, मग सवय झाली, आणि दिवस गेले तेव्हा सासूचं जे रूप दिसलं त्यानं ती पार गोंधळून गेली.

कारण ही तोंडाळ बाई गप्प झाली. पायलच्या पोटाकडे पाहायची आणि नजर काढून घ्यायची. पायलच्या दंडात काळा दोरा बांधला. कुणी शेजारीण "पोट कसं छान दिसून राह्यलं" म्हणाली की तिच्या अंगावर धावून जायची. पायलला यातलं काही उमजेना. शेवटी शेजारच्या प्रेरणानं सांगितलं. प्रेरणालाही दिवस गेलेले होते आणि दोघींचं सूत जमलं होतं.

"तुले कोणी सांगतलं नाही काय? रजतदादाच्या पहिले दोन लेकी होत्या तुह्या सासूले. लय मोठाल्या होत्या म्हणते. पोट पाहाले बाया दुरून यायच्या. दोन्ही खेपेले दाई घामाघूम झाली, अन् दोन्ही लेकी मेलेल्याच निघाल्या. नजर लागली, दुसरं काय! रजतदादाच्या वेळी आईले उलट्याच उलट्या, पोटात अन्न ठरे नाही. म्हणून तो एवढासा निघाला. कोणी पाहालेच आलं नाही. वाचला."

पायलनं ते ऐकलं आणि सासूचा एक जुना कायदा तिला एकदम समजला. पोटुशी बाईनं गोड कधीही एकटीनं तोंडात घालायचं नाही. समोर असेल त्याला आधी वाटा द्यायचा, मग आपण खायचं. कुणाची वासना त्या घासात अडकली तर ती लेकराला बाधते. वाटलं की नजरही वाटली जाते आणि लेकरू सुखरूप राहतं. दोन लेकी पुरल्यावर सत्यभामाबाईनं हा नेम धरला होता आणि गावातल्या प्रत्येक गरोदर पोरीला धरायला लावला होता. ज्या बाईच्या हातचं खाऊन गाव मोठं झालं तिचा शब्द मोडणार कोण? ज्यांची कूस उजवली नव्हती अशा बाया तर आपलीही उजवेल या आशेनं पोटुशीच्या ताटातला घास मुद्दाम मागून न्यायच्या. नेमाला अशी दोन्हीकडून बळकटी होती.

कापूस वेचणी ऐन भरात असताना अंगणवाडीत तपासणी निघाली. उपकेंद्राच्या बिजली सिस्टर येणार होत्या. त्या जवळच्याच तांड्यातल्या. गाडीवर खोका बांधून गावोगाव फिरायच्या, आणि त्या आल्या की बाया वेचणी सोडून यायच्या. पायलला सहावा महिना सरत होता. सत्यभामाबाई तिला घेऊन आली आणि ओसरीवर मोक्याची जागा धरून बसली.

बिजली सिस्टरनं समजावून सांगितलं. पोटात लेकरू असलं की काही बायांच्या रक्तात साखर वाढते. आधी कधी नसली तरी वाढते. कुठं दुखत नाही, खुपत नाही, तोंडावर दिसत नाही. ती साखर नाळेतून लेकराला जाते, लेकरू नको तेवढं मोठं होतं, आणि मग बाळंतपणात दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. म्हणून हे ग्लुकोजचं पाणी प्यायचं, दोन तास बसायचं आणि मग बोटातून रक्ताचा एक थेंब द्यायचा.

"दुखत नाही त रोग कायचा व?" सत्यभामाबाई म्हणाली आणि ओसरी हसली.

सिस्टरही हसल्या. त्यांनी पाण्यात पुड्या कालवल्या, वर लिंबू पिळलं, एकेकीच्या हातात गिलास दिला, "पूर्ण संपवा बरं," असं बजावलं आणि आत बीपी तपासायला गेल्या. त्यांची पाठ वळली न वळली तोच ओसरीवरचा कायदा सुरू झाला. पायलनं गिलास तोंडाला लावायच्या आधी सासूकडे पाहिलं. सासूनं हात पुढे केला. पायलनं घोटभर घेतलं आणि गिलास दिला. तसंही ते पाणी इतकं गोडमिट्ट होतं की तिला मळमळून आलं होतं. सत्यभामाबाईनं अर्ध्याहून जास्त गिलास घशाखाली उतरवला, उरलेलं शेजारच्या दोन बायांना दिलं. प्रेरणाच्या गिलासातून तिची सासू प्याली, नणंद प्याली, नणंदेचं पोरगं प्यालं. अंगणवाडीच्या मदतनीस बाईंच्या सुनेला चार वर्षं झाली मूल नव्हतं. तिनं प्रत्येक गिलासातला घोट मागितला आणि प्रत्येकीनं तो आनंदानं दिला. थोड्या वेळात गिलास सगळे रिकामे झाले होते, आणि ज्यांनी प्यायचं होतं त्यांच्याखेरीज बाकी सगळ्यांची तोंडं गोड झाली होती. यात लबाडी कुणाचीच नव्हती. आपण लेकरांना जपतोय अशीच सगळ्यांची समजूत होती.

दोन तास गप्पांत गेले. सिस्टर मशीन आणि सुया घेऊन बाहेर आल्या, तशा पोरी मागे सरकू लागल्या. प्रेरणा तर उठून चपला शोधायला लागली.

"काय भेता व एवढ्याशा सुईले?" सत्यभामाबाई पुढे झाली. "सिस्टर, मले टोचा पहिले. पाहू द्या यायले."

सिस्टरनं हसत तिचं बोट पुसलं, टोचलं. आयुष्यभर चुलीजवळ राबलेलं, चटक्यांनी निबर झालेलं बोट. रक्त यायला जरा वेळ लागला. थेंब पट्टीला लागला, मशीननं आकडा दाखवला, आणि सिस्टरचं हसू गेलं. त्यांनी दुसरं बोट धुवायला लावलं, पुसलं, पुन्हा टोचलं. पुन्हा तोच प्रकार.

"काकू, तुम्हाला शुगर आहे काय?"

"मले? मले नाही. माह्या हातात आहे, विचारा कोणालेही."

"मस्करी नका करू. सकाळपासून काय खाल्लं तुम्ही?"

"काहीच नाही. चहा घेतला. अन् हे तुमचं पाणी."

"माझं पाणी?"

"हाव. पायलच्या गिलासातलं. वाटा घेतला न मी. पोटुशीनं एकटीनं गोड प्यावं काय?"

बिजली सिस्टरनं ओसरीवर नजर फिरवली. हातातले गिलास, प्रेरणाच्या नणंदेचं पोरगं, त्याच्या ओठांभोवतीचा चिकटपणा. "याडी!" आईला हाक मारावी तशी त्यांच्या तोंडून तांड्याची बोली निघाली, आणि त्या तिथंच जमिनीवर बसल्या.

"मागच्या खेपेलेही असंच केलतं?" त्यांनी विचारलं.

"दर खेपेले करतो," बायांनी एकसुरानं सांगितलं. त्यांना अजूनही वाटत होतं की आपण चांगलंच सांगतोय.

पायलला तो क्षण पुढे कायम आठवत राहिला. सिस्टर ओरडतील असं तिला वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांचे डोळे भरले होते. या गावातल्या सगळ्या पोरी दर वेळी चांगल्या निघतात म्हणून त्यांना किती बरं वाटायचं, हे त्या हळू आवाजात सांगत होत्या. "मी म्हणाची, या गावचं पाणीच चांगलं. अन् मी तपासत होती कोणाले? ज्यायच्या पोटात साखर गेलीच नाही त्यायले!" आता बायांना कळलं. कुणी कुणाकडे पाहीना.

मग सिस्टरनं सत्यभामाबाईचा हात हातात घेतला आणि अगदी साधा प्रश्न विचारला. "काकू, तुमची लेकरं किती?"

"एक. रजत."

"त्याच्या आधी?"

त्या घरातल्या त्या गोष्टीला गावानं तिच्यासमोर कधी तोंड फोडलं नव्हतं.

"दोन लेकी," ती शेवटी म्हणाली. "मेलेल्या झाल्या."

"मोठ्या होत्या?"

सत्यभामाबाईनं मान वर केली. पायल शेजारीच होती, तिनं सासूचा चेहरा इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. प्रश्न कानात गेला, तिथून आत गेला, आणि तीस वर्षांमागे जाऊन पोचला, हे जसंच्या तसं त्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती आपल्या टोचलेल्या बोटाकडे पाहत होती. तिथं रक्ताचा ठिपका अजून ओला होता.

"तुमाले कसं मालूम?"

"मला नक्की काही माहीत नाही, काकू," सिस्टर म्हणाल्या. "एवढ्या वर्षांनी कोणालाच नक्की सांगता येणार नाही. तुमचीही तपासणी नीट दवाखान्यात करू. पण मोठी लेकरं अशी जातात, तेव्हा बरेचदा आईच्या रक्तात साखर असते. तेव्हा कोणी पाहिलं नसेल. तुमचा काही दोष नाही."

"म्हणजे नजर नव्हती?"

"नसेल."

सत्यभामाबाई आता छाती बडवून घेईल असं बायांना वाटलं. दोघी-तिघी तिला धरायला सरसावल्याही. पण तिनं पदरानं बोट पुसलं, पायलच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "हिचं परत कधी करसान?"

पायल सांगते, त्या दिवसापर्यंत तिला सासूची भीती वाटायची, आणि त्या दिवसापासून तिच्याबद्दल जे वाटू लागलं त्याला तिच्याजवळ शब्द नाही. तीस वर्षं माणूस ज्या आधारावर उभं आहे तो एका दुपारी पायाखालून जातो, आणि ते माणूस पडत नाही, पुढचं काय ते विचारतं! भले भले इथं हट्टाला पेटतात. आपलं चुकलं हे कबूल करायला लोकांना जन्म पुरत नाही. या बाईला एक दुपार पुरली.

दुसरी तपासणी ठरली त्या सकाळी सत्यभामाबाई सगळ्यांच्या आधी अंगणवाडीत हजर. सिस्टरनं गिलास दिला. पायलनं तो घेतला आणि तिचा हात आपोआप सासूकडे वळला. सवय ती सवय.

"मले देऊ नको," सत्यभामाबाई म्हणाली. "पी. एकटीनं पी. सारं पी."

आणि ती उठून दारात जाऊन उभी राहिली, पाठ आत आणि तोंड बाहेर. रस्त्यानं जाणाऱ्या बाया डोकावल्या की "चाला पुढं, इथं काही तमाशा नाही," म्हणून त्यांना हाकलत होती. बुद्धीला पटलं होतं, पण तीस वर्षांची भीती एवढ्यात जाते थोडीच! सुनेच्या घोटावर कुणाची नजर पडू नये म्हणून बाई दारात आडवी उभी होती. पायल घोट घोट घेत होती. त्या पाण्याचा तिला उबग येत होता, पण तिनं थेंब ठेवला नाही. पिताना तिला सासूची पाठ दिसत होती आणि चौकटीला धरलेला हात दिसत होता.

पायलच्या रक्तात साखर निघाली. प्रेरणाच्या नाही निघाली. आणखी एकीच्या निघाली. बिजली सिस्टर पायलला समजावू लागल्या, की घाबरायचं कारण नाही, वेळेत कळलंय, बहुतेकींना खाण्यापिण्यानं आणि चालण्यानं ताब्यात ठेवता येते, नाहीच राहिली तर औषध आहे. पायल रडत होती, तिला अर्धंच ऐकू येत होतं. सत्यभामाबाई मात्र शब्द न् शब्द ऐकत होती. काय द्यायचं, किती द्यायचं, किती वेळा द्यायचं, सगळं तिनं विचारून घेतलं. स्वयंपाकाची गोष्ट म्हटल्यावर तिला एकदा सांगितलेलं पुरे होतं.

त्या संध्याकाळी घरातला गुळाचा डबा माळ्यावर गेला. चहा बिनसाखरेचा झाला. पुंडलिकरावांनी पहिला घोट घेऊन तोंड वाकडं केलं, बायकोकडे पाहिलं आणि मुकाट्यानं कप संपवला. ताटात ज्वारीची भाकर आली, अंबाडीची भाजी, बरबटीची म्हणजे चवळीची उसळ, मठ्ठा, काकडी. भात मूठभर. एकदम भरपेट नाही, थोडं थोडं पण वेळच्या वेळी. जेवण झालं की सासू-सुना तुरीच्या शेताच्या धुऱ्यापर्यंत, पार बांधाला टेकेपर्यंत, चालत जायच्या आणि परत यायच्या. दवाखान्यात सत्यभामाबाईचीही साखर पक्की झाली होती, तिला गोळ्या सुरू झाल्या होत्या. म्हणजे दोघींचं ताट एकच झालं. पायलला काही चोरून खावंसं वाटलं तरी खाता येईना, कारण समोर सासू तेच खाऊन उठलेली असायची. आणि खावंसं वाटायचंच! एकदा रजतनं ढाणकीहून पेढे आणले, तर सत्यभामाबाईनं पुडा उघडूही न देता शेजारी पोचवला आणि पोराला विचारलं, "अक्कल विकून आणले काय बे?"

पण खरं नवल पुढेच होतं. लोकांची बोलावणी काही थांबली नव्हती. लग्नसराई तोंडावर आली होती. सत्यभामाबाई जात राहिली, पुरण शिजवत राहिली, पाक करत राहिली, पण चाखणं बंद. ज्या बोटावर थेंब घेऊन आयुष्यभर पाक जोखला ते बोट आता कढईच्या काठापर्यंत जायचं आणि परत यायचं. ती वासावर जोखायची, उलथन्यावरून पडणाऱ्या तारेवर जोखायची. पायल एका लग्नघरी तिच्यासोबत गेली होती. धुरात उभी असलेली सासू, समोर उकळणारा गूळ, त्याचा तो घरभर घमघमाट, आणि घट्ट मिटलेले तिचे ओठ पायलनं पाहिले. देवळात जाऊन जे वाटायला हवं ते तिला त्या चुलीजवळ वाटलं.

डोहाळजेवणाचा दिवस आला तेव्हा सगळं गाव जमलं. खुद्द सत्यभामाबाईच्या घरचं डोहाळजेवण! पुरणपोळी असणार, सांजोऱ्या असणार, गुळाचे गुलगुले असणार. बाया पंगतीला बसल्या आणि ताटं आली. भाकर, वांग्याचं भरीत, पाटोडीचा रस्सा, मोडाची उसळ, कढी, ठेचा. पायलला हिरवी साडी नेसवली होती, फुलांची वाडी घातली होती. तिच्या ताटातही तेच होतं. बायांनी वाट पाहिली. गोड काही येईना.

कुजबुज सुरू झाली. "साऱ्या गावाले गोड खाऊ घालते अन् सुनेचं तोंड कोरडं!" एक म्हातारी जरा मोठ्यानंच म्हणाली, "असं कुठं असते काय, सत्यभामा? सातव्या महिन्यात पोरीले गोड नाही? लेकरू वाळून जाईन न पोटात."

पायलला कानकोंडं झालं. तिला वाटलं, आता सासू तोंड सोडणार. सत्यभामाबाईनं हातातलं भाकरींचं टोपलं खाली ठेवलं. आवाज चढवला नाही.

"माह्या दोन लेकी आठवते काय तुमाले?" तिनं विचारलं.

पंगतीतले हात थांबले.

"तुमीच म्हणत होत्या, काय पोट आहे, काय लेकरू आहे, पहिलवान आहे. मी फुगून जाची. सासू मले रोज गुळाचा शिरा देये. म्या खाल्ला, पोटभर खाल्ला. मले वाटे, लेकरू मोठं होऊन राह्यलं म्हणजे चांगलं होऊन राह्यलं. ते साखरेनं फुगून राह्यलं होतं, माय. मले मालूम नव्हतं, सासूले मालूम नव्हतं, दाईले मालूम नव्हतं. म्या तीस वर्सं तुमच्या साऱ्यायच्या नजरेले शिव्या देल्ल्या. मनातल्या मनात एकेकीचं नाव घेऊन देल्ल्या. तुमची नजर नव्हती व. माह्यं रक्त होतं."

पायलनं पाहिलं, मघाची ती म्हातारी पदर डोळ्याला लावून बसली होती.

"हे पोरगी गोड खात नाही, कारण मी खाऊ देत नाही. तुमच्या पोरीसुनायचं पाणी त्यायले एकटीले पिऊ द्या. वाटा मागू नका. मी शिकवलं होतं, मीच मोडून राह्यली." आणि मग आपल्या नेहमीच्या आवाजात, "आता जेवा. भाकर थंडी होऊन राह्यली. भरीत कमी पडलं त सांगा."

बाया जेवल्या. कुणी मागून घेतलं, कुणी भरीत वाखाणलं. उठताना मदतनीस बाईंची सून पायलजवळ आली. तिनं घास मागितला नाही, नुसता पायलच्या पोटावरून हात फिरवला आणि गेली. सत्यभामाबाईनं ते पाहिलं, पण तिला अडवलं नाही.

पुढचे दोन महिने कसे गेले ते पायललाच ठाऊक. साखर कधी आवरायची, कधी उडी मारायची, आणि उडी मारली की घरावर सावट यायचं. सत्यभामाबाई धीर द्यायची, पण पायल तिला ओळखायला लागली होती. तपासणीच्या आदल्या दिवशी सासूचं जेवण जात नसे. या बाईनं रजतच्या आधी पोटुशीचे नऊ महिने दोनदा काढले होते आणि दोन्ही वेळा तिचे हात रिकामे राहिले होते. तिचे दिवस पायलच्या दिवसांबरोबर पुन्हा चालले होते.

होळीच्या सुमारास पायलला कळा सुरू झाल्या. तालुक्याच्या दवाखान्यात आधीच नाव घातलं होतं. सत्यभामाबाई बाळंतिणीच्या खोलीच्या दारापर्यंत आली. आत यायची परवानगी असूनही ती आत येईना. आतून पायलच्या ओरडण्याचा आवाज येत होता, आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. हे पायलला नंतर रजतनं सांगितलं.

मुलगी झाली. पायलला आधी नर्सची धावपळ दिसली, मग एक तीक्ष्ण, रागावलेलं, खोली दणाणून सोडणारं रडणं ऐकू आलं. दाराशी काहीतरी धपकन वाजलं. सत्यभामाबाई खाली बसली होती.

वजन पावणेतीन किलो भरलं. कुणी नात्यातली बाई बाहेर म्हणालीच, "लहानच आहे व." सत्यभामाबाईनं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं पुढचं वाक्य गिळलं. थोड्या वेळानं लेकराच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला. आईला साखर असली की लेकराचीही पाहावी लागते. स्वतःचं बोट हसत पुढे करणाऱ्या त्या बाईला ते पाहवेना, तिनं डोळे मिटून घेतले. लेकराची साखर बरोबर होती. नर्सनं पायलला दूध पाजायला सांगितलं, लेक प्याली, आणि आजीच्या मांडीवर गाढ झोपली.

खोलीत शांत झालं. पायलचे डोळे मिटत होते, तेवढ्यात पुन्हा रडणं ऐकू आलं. तिनं पाहिलं तर सासू लेकीच्या तळव्यावर बोटानं हळूच टिचकी मारत होती. लेक किरकिरली, रडली, पुन्हा झोपली. सासूनं पुन्हा टिचकी मारली.

"काकू, झोपू द्या न तिले," नर्स वैतागून म्हणाली. "कायले उठवता सारखं?"

"एकडाव," सत्यभामाबाई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. "एकडाव अजून रडू द्या, बाई. माह्या त्या दोघीचा आवाज मले आयकूच आला नाही."

पायलनं कुशीवर वळून हात लांब केला आणि आपल्या लेकीच्या तळव्यावर हलकेच टिचकी मारली. लेक रडली.